एमआरआयच्या रिपोर्टात "स्मॉल व्हेसल" लिहून आलंय, आता तो वाचायचा कसा

मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, कोथरूड, कर्वेनगर, वारजे, कधी सिंहगड रोड. व्यायाम सुरू करायच्या आधीच लोक कपाटावरून ती मोठी पिशवी काढतात, फिल्म, सीडी, रिपोर्ट सगळं माझ्या हातात देतात आणि म्हणतात, ताई यात काय लिहिलंय ते जरा सांगा ना, डॉक्टरांकडे खूप गर्दी होती, विचारायचं राहून गेलं. आणि साठीच्या पुढच्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय असला की शेवटच्या ओळीत बऱ्याच वेळा हेच असतं, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, म्हणजे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पडून हळूहळू झालेले बदल. नाहीतर पेरिव्हेंट्रिक्युलर व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज, फाझेकास ग्रेड टू.

माझ्या बाबांच्या रिपोर्टातही हेच आलं होतं. चक्कर येत होती म्हणून एमआरआय केला, रिपोर्ट संध्याकाळी काउंटरवरून मिळाला, न्यूरोच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन दिवसांनंतरची. ते तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही, आईने तर देव पाण्यात घालून ठेवले होते. बाबांनी इस्केमिक हा शब्द मोबाईलवर शोधला आणि रात्री साडेअकराला मला फोन करून हळू आवाजात विचारलं, "मला पॅरालिसिस होऊन गेला का गं, आणि तुम्ही मला सांगत नाही आहात?" तेव्हापासून मला वाटतं की हा रिपोर्ट कसा वाचायचा हे घरातल्या एका तरी माणसाला यायला हवं. मी औषधं देणारी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार तुमचे फिजिशियन नाहीतर न्यूरॉलॉजिस्टच ठरवणार, पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत मनात काय धरायचं आणि तिथे गेल्यावर काय विचारायचं एवढं मी नक्की सांगू शकते.

आधी वरच्या चार ओळी

सगळे थेट शेवटी इम्प्रेशनवर, म्हणजे निष्कर्षावर जातात. जा, पण त्याआधी वर नाव आणि वय बरोबर आहे का ते बघा, आणि क्लिनिकल हिस्टरी म्हणून एक ओळ असते तिथे काय लिहिलंय ते वाचा. तिथे नुसतं "गिडीनेस", म्हणजे चक्कर, एवढंच लिहिलेलं असेल आणि बाबांचा उजवा पाय गेले सहा महिने ओढत चाललाय हे कुणी सांगितलंच नसेल, तर फोटो वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ते कळणार कुठून. एमआरआयला जाताना एका कागदावर लिहून न्या, काय होतंय, कधीपासून, कोणत्या बाजूला, बीपी शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. फॉर्म भरून घेतात तेव्हा तो कागद सोबत द्या.

मग एकच गोष्ट शोधायची, नवीन की जुनं. रिपोर्टात डिफ्यूजन किंवा डीडब्ल्यूआय असा शब्द येतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा नुकताच तुटला असेल तर तो भाग डिफ्यूजनच्या फोटोत चमकतो आणि साधारण दोन आठवडे तसा दिसत राहतो. म्हणून "नो एरिया ऑफ रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन" किंवा "नो अॅक्यूट इन्फार्क्ट" असं वाक्य दिसलं की एक श्वास सोडा, मेंदूत ताजा स्ट्रोक दिसलेला नाही असा त्याचा अर्थ. आणि याच्या उलट, अॅक्यूट इन्फार्क्ट आहे किंवा डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन आहे असं लिहिलेलं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं.

बाबांच्या रिपोर्टात यातलं "नो" असलेलं, दिलासा देणारं वाक्य होतं. त्या रात्री फोनवर मी त्यांना तेच तीनदा वाचून दाखवलं.

बारीक नळ्यांची गोष्ट

पुण्यातल्या माणसाला हे पाण्यावरून पटकन कळतं म्हणून तसंच सांगते. खडकवासल्याचं पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात येतं, तिथून मोठ्या लाइनने टाक्यांत, टाक्यांतून गल्लीत, गल्लीतून सोसायटीत. मोठी लाइन फुटली की अख्ख्या भागात बोंब होते, पेपरात बातमी येते, मोठा स्ट्रोक तसा. पण गल्लीच्या शेवटच्या टोकाला जी सोसायटी आहे तिथे वर्षानुवर्षं पाणी बारीक येतंय, नळी आतून गंजून अरुंद झालीय, हे बाहेर कुणाच्या लक्षातही येत नाही. स्मॉल व्हेसल डिसीज म्हणजे ही शेवटच्या टोकाची गोष्ट.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं १५ ते २० टक्के रक्त तो एकटा घेतो. मोठ्या धमन्यांपासून केसासारख्या बारीक शाखा निघून मेंदूत खोल शिरतात. त्यातल्या काही थेट मोठ्या धमनीतून फुटलेल्या आणि आखूड असतात, त्यांच्यावर बीपीचा मारा सरळ बसतो. काही मेंदूच्या पृष्ठभागावरून लांबचा पल्ला गाठत आतल्या पांढऱ्या भागापर्यंत जातात, तिथे दाब आधीच कमी झालेला असतो. आणि एक वाट बंद झाली तर दुसरीकडून वळवून आणायची सोय या शाखांना जवळपास नसते. बीपी, शुगर, तंबाखू आणि वय यांनी या नळ्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, कुठे अरुंद होतात, कुठे भिंत झिरपायला लागते. नळी स्कॅनमध्ये सहसा दिसतच नाही, इतकी बारीक असते. दिसतो तो तिच्या आजूबाजूच्या मेंदूवर झालेला परिणाम.

म्हणून लोक मला विचारतात ना, ताई, ब्लॉकेज कुठे आहे, अँजिओप्लास्टी करून उघडता येईल का, तर नाही येणार. मिलिमीटरपेक्षाही बारीक नळीत स्टेंट बसत नाही. नसा मोकळ्या करतो म्हणून सलाइनचे कोर्स विकणारे आहेत, पाच पाच हजार घेतात, माझ्या एका पेशंटच्या मुलाने कर्ज काढून आईला असे दहा दिले, मला अजून त्याचं वाईट वाटतं. त्या पैशात घरी चांगलं बीपीचं मशीन आलं असतं आणि वर्षभराच्या गोळ्या आल्या असत्या.

रिपोर्टातले शब्द

व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटी म्हणजे टी-टू आणि फ्लेअर या दोन प्रकारच्या फोटोंत मेंदूच्या आतल्या भागात पांढरे दिसणारे ठिपके. टी-टूमध्ये मेंदूतलं पाणीही पांढरं दिसतं, फ्लेअरमध्ये ते पाणी काळं केलेलं असतं म्हणून ठिपके उठून दिसतात, एवढाच फरक. हा ठिपका म्हणजे रक्ताची गाठ नाही, ब्लॉकेज नाही, ट्यूमर तर अजिबातच नाही. तिथल्या तंतूंवरचं आवरण झिजलंय, थोडं पाणी साठलंय, असा त्याचा अर्थ. पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांच्या कडेने आणि डीप किंवा सबकॉर्टिकल म्हणजे त्याहून बाहेर. ल्युकोअरायोसिस लिहिलेलं असेल तर तेही हेच, नाव जुनं आहे.

फाझेकास हे ऑस्ट्रियातल्या एका न्यूरॉलॉजिस्टचं आडनाव, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हे ग्रेडिंग मांडलं. शून्य म्हणजे ठिपके नाहीत. एक म्हणजे सुटे सुटे बारीक ठिपके, किंवा कप्प्याच्या कडेला पेन्सिलने काढल्यासारखी रेघ. दोन म्हणजे ठिपके एकमेकांना चिकटायला लागलेत, रांगोळीचे ठिपके जरा पसरून शेजारच्याला लागावेत तसे. तीन म्हणजे पसरून मोठे पट्टे झालेत. सत्तरीच्या माणसाच्या रिपोर्टात ग्रेड एक दिसला तर बहुतेक डॉक्टर त्याला वयाच्या खात्यात टाकतात. ग्रेड तीन मात्र कुठल्याही वयात "वयानुसार" म्हणून सोडून द्यायचा नाही. आणि हा कॅन्सरसारखा स्टेज नाही हे कृपा करून लक्षात ठेवा, ग्रेड तीन म्हणजे शेवटची स्टेज असं समजून एक काकू रडत बसल्या होत्या, त्यांना हे समजावता समजावता माझा तो अख्खा सेशन गेला आणि तो तसा गेला याचं मला समाधान आहे.

हे ठिपके किती कॉमन आहेत तर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या हजारावर साध्या नागरिकांचे स्कॅन केले होते, २००१ मध्ये ते छापून आलं, त्यात एकही ठिपका नसलेले लोक फक्त ५ टक्के निघाले. म्हणजे ठिपके असणं ही बातमी नाही, किती आहेत, कुठे आहेत आणि माणूस कसा चालतोय बोलतोय ही बातमी. कारण दुसऱ्या बाजूला युरोपातलाच लॅडिस नावाचा अभ्यास आहे, ६०० हून जास्त वयस्कर लोकांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं, आणि ज्यांचे ठिपके पसरलेले होते त्यांना परावलंबी होण्याचा किंवा दगावण्याचा धोका कमी ठिपके असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. घाबरायचं नाही हे खरं, पण काही नसतं हो त्यात म्हणून रिपोर्ट कपाटावर टाकायचा नाही हेही तेवढंच खरं.

लॅक्युनर इन्फार्क्ट किंवा लॅक्यून म्हणजे एका बारीक नळीच्या टोकाचा भाग कधीतरी मेला आणि तिथे ३ ते १५ मिलिमीटरचं पाण्याने भरलेलं छोटं भोक राहिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच खड्डा किंवा छोटं तळं असा आहे. बेसल गँग्लिया, थॅलॅमस, पॉन्स अशी नावं सोबत येतात, त्या फक्त मेंदूतल्या जागा. ओल्ड किंवा क्रॉनिक लिहिलेलं असेल तर ते जुनं आहे. बऱ्याच लोकांना तो झटका आलेला कळलेलाच नसतो, म्हणून याला सायलेंट म्हणतात, पण घरात नीट आठवून बघा, मागे कधी एक दिवस हात जड पडला होता, जीभ अडखळली होती आणि दुपारपर्यंत बरं झालं म्हणून सोडून दिलं होतं, असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने औषध बदलू शकतं.

व्हर्चो-रॉबिन स्पेसेस किंवा पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस, नळीभोवतीची पाण्याची जागा, सहसा ३ मिलिमीटरच्या आत. एकदोन असतील तर विसरून जा.

मायक्रोब्लीड्स मात्र नीट वाचा. एसडब्ल्यूआय किंवा जीआरई या फोटोत काळे गोल ठिपके दिसतात, कधीतरी थेंबभर रक्त झिरपलेलं त्याचा डाग. बेसल गँग्लिया, थॅलॅमस असे खोल असतील तर संशय बहुधा बीपीवर. नुसते बाहेरच्या बाजूला, म्हणजे लोबार असतील तर अमायलॉइड अँजिओपॅथी नावाचा वेगळा प्रकार डॉक्टर मनात धरतात, त्यात रक्तस्रावाची भीती जास्त. तुमच्याकडे कुणाला हार्टसाठी किंवा अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि रिपोर्टात मायक्रोब्लीड्स आले असतील तर न्यूरोचे आणि हार्टचे अशा दोन्ही डॉक्टरांना तो रिपोर्ट दाखवा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते, कारण गोळी बंद करून आठवड्यात मोठा स्ट्रोक झालेला माणूस मी पाहिलाय.

एज रिलेटेड अॅट्रॉफी म्हणजे मेंदू वयाप्रमाणे थोडा आक्रसलाय. आणि क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड म्हणजे फोटो मी वाचला, आता माणसाला तपासून तुम्ही ठरवा. रेडिओलॉजिस्ट काही लपवतोय असं नाही, त्याच्यासमोर माणूस नसतो, फक्त फोटो असतो.

अजून एक, वय चाळीसच्या आत आहे आणि नॉनस्पेसिफिक व्हाइट मॅटर फोसाय, म्हणजे नक्की कशाचे ते सांगता न येणारे ठिपके, असं लिहून आलंय तर लगेच स्मॉल व्हेसल डिसीज धरू नका. मायग्रेनवाल्यांना असे ठिपके दिसतात, बी-ट्वेल्व्हची कमतरता असू शकते, आपल्याकडे पूर्ण शाकाहारी घरांत ती भरपूर असते आणि साध्या रक्ततपासणीत कळते, एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारातही ठिपके असतात पण त्यांच्या जागा आणि आकार वेगळे असतात. घरात दोनतीन जणांना तरुणपणी स्ट्रोक आणि मायग्रेन असेल तर काडासिल नावाचा आनुवंशिक प्रकार असतो, तो दुर्मीळ आहे, पण घरातली ही हिस्टरी डॉक्टरांना माहीत असायलाच पाहिजे.

आता रिपोर्ट बाजूला ठेवा आणि माणूस बघा

हे माझं क्षेत्र म्हणून जरा जास्त बोलते. या आजाराने होणारा विसराळूपणा वेगळा असतो. काकांना १९७२ चा दुष्काळ तारखेसकट आठवतो, पण लाइट बिल भरायचं, मग पावती फाइलला लावायची, मग बँकेत जायचं ही तीन कामं एका ओळीत लावता येत नाहीत. उत्तर देतात, बरोबर देतात, पण उशिरा देतात, आणि घरचे मध्येच बोलून टाकतात. पहिल्यासारखा रस घेत नाहीत, खुर्चीत बसून राहतात, आणि सगळे म्हणतात आळशी झालेत, मुद्दाम करतात. मुद्दाम करत नाहीत हो. उठायचं ठरवणं आणि प्रत्यक्ष उठणं यांच्यामधले तंतूच झिजलेले असतात. हे कळल्यावर घरातली अर्धी भांडणं थांबतात, मी स्वतः बघितलंय.

चाल बघा. पावलं आखूड झालीत का, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का, उंबरठ्यापाशी अडतात का, वळताना चारपाच छोटी पावलं टाकून वळतात का. हात मात्र छान हलत असतात, म्हणून नेहमीच्या पार्किन्सनपेक्षा हे वेगळं दिसतं. चालता चालता त्यांना काहीतरी विचारा, आज भाजी काय केली होती वगैरे, उत्तर द्यायला जागेवर थांबले तर ती नोंद करून ठेवा. आणि घरी करता येईल अशी एक टेस्ट आहे. हाताची खुर्ची घ्या, खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर खडूने रेघ मारा, त्यांना खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायला सांगा, मोबाईलवर वेळ लावा. रोजची चप्पल, रोजची काठी चालेल. तुम्ही एका हाताच्या अंतरावर उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका वाढलाय असं धरतात. हा आकडा तारखेसकट लिहा, तीन महिन्यांनी परत करा. माझ्या मते डॉक्टरांना हा आकडा फाझेकासच्या ग्रेडइतकाच उपयोगी पडतो, आणि चाल सुधारता येते, ग्रेड नाही येत.

लघवीला एकदम घाईची लागणं, बाथरूमपर्यंत पोचायच्या आत होणं, हेही यात बसतं, लाजून कुणी सांगत नाही. चाल, लघवी आणि विसराळूपणा तिन्ही एकदम असेल आणि रिपोर्टात व्हेंट्रिकल्स, म्हणजे ते पाण्याचे कप्पे, मोठे झालेत असं असेल तर नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूत पाणी साठण्याचा प्रकार, असू शकतो का एवढं न्यूरोला विचारा, कारण त्यावर ऑपरेशनने फरक पडू शकतो आणि तो याच नावाखाली दबून जाऊ शकतो.

खरा इलाज बीपीच्या वहीत आहे

पसरलेले ठिपके पुसणारी गोळी नाहीये. पुढचे ठिपके हळू पडावेत म्हणून सगळ्यात पक्की गोष्ट बीपी. अमेरिकेत स्प्रिंट नावाचा मोठा अभ्यास झाला, ९ हजारांहून जास्त लोक, अर्ध्यांचं वरचं बीपी १४० च्या आत ठेवायचं आणि अर्ध्यांचं १२० च्या आत. काही जणांचे एमआरआय चार वर्षांच्या अंतराने परत केले, २०१९ मध्ये ते निकाल आले, ठिपके दोन्हीकडे वाढले होते पण १२० वाल्यांमध्ये वाढ कमी होती, ०.९२ घन सेंटिमीटर, दुसऱ्या गटात १.४५. सौम्य विसराळूपणाही कमी लोकांना झाला. पण त्यात डायबेटिसवाले आणि आधी स्ट्रोक झालेले घेतलेच नव्हते, त्यामुळे वाचून लगेच गोळी डबल करू नका, तुमचा आकडा काय असावा हा प्रश्न तसाच लिहून डॉक्टरांना विचारा.

बीपी मोजायची पद्धत मात्र घरोघरी चुकते. दंडाला लावायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसायचं, टीव्हीवर बातम्या चालू असतील तर बंद करा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. दोन्ही आकडे वहीत जसे आलेत तसे लिहा, बाबा जास्त आलेला आकडा लिहायचेच नाहीत, म्हणायचे आज जिना चढून आलो होतो ना म्हणून.

ज्यांना चक्कर येते त्यांचं बसून मोजल्यावर उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने खाली आला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, बीपी पाडता पाडता माणूस पडायला नको. बाबांची चक्कर बरीचशी यामुळेच निघाली, ठिपके आपले निमित्ताला सापडले.

मीठ दिवसाला सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि आपलं मीठ भाजीपेक्षा लोणचं, पापड, फरसाण, बाकरवडी, ताकातलं मीठ यातूनच जास्त जातं. आणि मिश्री. आजीला कुणी विचारतच नाही, तुम्ही तंबाखू खाता का म्हटलं की ती नाही म्हणते, कारण ती दात घासते. मिश्री तंबाखूच आहे. शुगर, कोलेस्टेरॉल सांगायला नको. झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास थांबत असेल तर तेही तपासून घ्या, बीपी हटत नाही त्याचं कारण कधी कधी तिथे सापडतं. चालायला तळजाई, सारसबाग, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या, रोज चालणं होतंय ना एवढं बघा, पर्वती चढायचा हट्ट नको.

अॅस्पिरिनचं वेगळं सांगते कारण यात खूप गोंधळ आहे. फक्त ठिपके दिसले, स्ट्रोक कधी झाला नाही, तर शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून अॅस्पिरिन सुरू करायची नाही, रक्तस्रावाचा धोका असतो. स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक झाला असेल तर डॉक्टर देतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे दोन गोळ्या एकत्र देऊ शकतात. पण त्या दोन किती दिवस हे विचारून घ्या. एसपीएसथ्री नावाच्या अभ्यासात लॅक्युनर स्ट्रोक झालेल्या ३ हजार लोकांत अॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी लांब काळ देऊन बघितलं, २०१२ मध्ये निकाल आला, स्ट्रोक काही खास कमी झाले नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू वाढले. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं दोन्ही चालू असलेली माणसं मला भेटतात, त्यांना मी एवढंच म्हणते, पुढच्या वेळी चिठ्ठी दाखवून विचारा.

हे मात्र वाट न बघता

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात किंवा पाय एकदम लुळा, बोलणं अडखळणं किंवा न समजणं, अचानक दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं, यातलं काहीही झालं की १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी व्हावा लागतो, म्हणून माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये कर्वे रोडवर किती वेळ जातो ते आपल्याला माहितीये, त्यामुळे रात्रंदिवस सीटी असणारं आणि स्ट्रोक बघणारं घराजवळचं हॉस्पिटल कोणतं हे आजच चौकशी करून फ्रीजवर लिहून ठेवा. दहा मिनिटांत सगळं बरं झालं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

अपॉइंटमेंटला नेताना पिशवीत रिपोर्टच्या बरोबर सीडी, आधीचा कुठलाही मेंदूचा स्कॅन, चालू गोळ्यांच्या पट्ट्या प्रत्यक्ष, सात दिवसांची बीपीची वही, ३ मीटरच्या चालीचे सेकंद. विचारायचं काय तर हे माझ्या वयाच्या मानाने जास्त आहे का, यातलं काही जुना स्ट्रोक आहे का, बीपी कितीपर्यंत हवं, कुठली गोळी किती दिवस, आणि परत एमआरआय लागेल का. दरवर्षी हौसेने एमआरआय करायची गरज सहसा नसते, काही नवीन झालं किंवा डॉक्टरांनी सांगितलं तरच. केलाच तर जमल्यास त्याच सेंटरला आणि जुनी सीडी देऊन, म्हणजे शेजारी ठेवून वाचता येतो.

बाबांचा दुसरा एमआरआय अडीच वर्षांनी झाला, डोक्याला मार लागला म्हणून. त्यात इम्प्रेशनला पहिल्याच ओळीत होतं, नो सिग्निफिकंट इंटर्व्हल चेंज. म्हणजे मागच्या फोटोशी ताडून बघितलं आणि सांगण्यासारखा बदल नाही. मी वाचून दाखवलं, बाबांनी चष्मा लावून स्वतः परत वाचलं, आणि मग बीपीच्या वहीत त्या तारखेच्या पानावर तेच शब्द आपल्या अक्षरात उतरवून ठेवले.